तात्या अजून बाहेरच आहेत का?

दादरच्या एका सभागृहात माझ्या विज्ञानकादंबरीच्या तिसऱ्या भागाचं प्रकाशन होतं. भाषणं झाली, पेढे झाले, आणि प्रश्नोत्तरांत आठवी-नववीतली एक मुलगी उठून उभी राहिली. म्हणाली, "ताई, दुसऱ्या भागात तात्या अँटेना दुरुस्त करायला बाहेर गेले होते ना, सहा तासांचा ऑक्सिजन घेऊन? ते अजून बाहेरच आहेत का?"

सभागृह हसलं. मीही हसले, कारण दुसरं काही सुचेना. तात्या म्हणजे गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावरच्या आमच्या वस्तीतला फिटर. दुसऱ्या भागात मी त्याला बाहेर काढलं, ऐन मोक्यावर प्रकरण तोडून मंगळावर गेले, आणि तिथलं राजकारण असं रंगलं की गॅनिमीडवर परत जायचं राहूनच गेलं. तिसरा भाग गोष्टीतल्या काळात दोन वर्षांनी सुरू होतो. ऑक्सिजन सहा तासांचा.

आता पाच भाग झालेत, सहावा लिहिते आहे. फोर्टात बँकेची नोकरी, मुलुंडला घर, लेखन पहाटे. नव्याने लिहिणारे भेटले की हमखास विचारतात, इतके धागे लक्षात कसे राहतात? राहत नाहीत. लक्षात ठेवण्याच्या भरवशावर मालिका सुरू करू नका, एवढं तर तात्याच्या जिवावर मी सांगू शकते.

नोंदी ठेवत नव्हते असं नाही. सुरुवातीला मी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावायचे, प्रत्येक उपकथानकाला एक रंग. जुलैत भिंतीला ओल धरली आणि एका सकाळी अख्खा मंगळ जमिनीवर पडलेला मिळाला. मग एक्सेलमध्ये तक्ता केला: पात्र, प्रकरण, काय घडलं. तक्ता छान होता. फक्त त्यात पात्र कोणत्या प्रकरणात येतं एवढंच कळायचं. येत नाही तेव्हा ते कुठे असतं, याला रकानाच नव्हता. तात्या त्या रकान्यात हरवला.

आमच्या मजल्यावरचे काका मध्य रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते, म्हणजे एका टापूतल्या सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणारे. चहाला आले असताना त्यांना हा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "गाडी हरवली असं कंट्रोलरला म्हणता येत नाही. दिसत नसली तरी ती कुठल्यातरी दोन स्टेशनांच्या मध्ये असतेच." मग माझ्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी त्यांच्या काळचा कंट्रोल चार्ट काढून दाखवला. आडवी वेळ, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडीची एक रेघ. फास्ट गाडीची रेघ उभट, मालगाडीची लोळलेली, आणि गाडी उभी असली की रेघ सपाट. सपाट, पण तुटत नाही. रेघ उचलायची परवानगीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी आलेखाच्या कागदांची गुंडाळी आणली. तेव्हापासून माझी मालिका अशीच चालते: आडवा काळ, उभ्या जागा (पृथ्वी, चंद्र, मंगळ, लघुग्रहांचा पट्टा, गुरूचे चंद्र), आणि प्रत्येक उपकथानकाची एक रेघ. प्रकरण जिथे घडतं तिथे रेघेवर टिंब. दोन टिंबांमधली रेघ वाचकाला दिसत नाही, पण ती मला काढावीच लागते, आणि काढताना त्या माणसाचं काय चाललंय ते ठरवावं लागतं. सपाट भागावर मी एकच गोष्ट लिहिते: हा कशाची वाट पाहतोय. काय करतोय हे नाही. वाट पाहण्याला शेवट असतो, म्हणून त्या माणसाकडे परत जायची वेळ आपोआप ठरते.

काकांची सुरुवातीची वर्षं सिंगल लाइनवर गेली. तिथे समोरासमोरच्या दोन गाड्यांचं क्रॉसिंग स्टेशनातच होतं, कारण एकीला बाजूच्या लाइनवर उभं करावं लागतं. "मध्येच झालं तर त्याला क्रॉसिंग म्हणत नाहीत," काका म्हणाले. हे मला फार कामाला आलं. माझी उपकथानकं एकमेकांना भेटायची ती योगायोगाने, कुठल्यातरी अंतराळस्थानकाच्या कँटीनमध्ये. आता दोन धागे भेटवायचे असतील तर मी आधी बघते, यातला कोण थांबू शकतो आणि का थांबेल. कुणालाच थांबायला कारण नसेल तर भेट रद्द.

एक अडचण लगेच आली. मंगळावरची निवडणूक दोन वर्षं चालते, तात्याचा ऑक्सिजन सहा तास. एका कागदावर दोन्ही मावत नाहीत. महिन्यांच्या मापावर तात्याची अख्खी शोकांतिका एका टिंबाएवढी होते. म्हणून आता माझ्याकडे दोन कागद असतात, एक महिन्यांचा, एक तासांचा. आणि नियम असा की तासांच्या कागदावरचं माणूस लटकवून महिन्यांच्या कागदावर उडी मारायची नाही. तात्याच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं होतं. वाचकाच्या डोक्यात ऑक्सिजनचा काटा फिरत असतो. तो फिरत असताना तुम्ही त्याला चार महिने पुढे नेलंत तर एकतर तात्या मेला, नाहीतर लेखिका विसरली. टीव्ही मालिकांचे संवाद लिहिणारी माझी एक मैत्रीण याला "ट्रॅक पार्क करणं" म्हणते. पार्क करा, पण इंजिन बंद करून. टीव्हीवर खपून जातं, कारण उद्याचा भाग उद्याच येतो. आपला पुढचा भाग दोन-तीन वर्षांनी येणार.

विज्ञानकथा लिहिणाऱ्याला या चार्टात एक रेघ फुकट मिळते, प्रकाशाची. त्याहून उभट रेघ काढता येत नाही. तासांच्या कागदावर ती स्पष्ट दिसते: पृथ्वीवरून मंगळाला निरोप पोचायला ग्रहांच्या जागेनुसार ३ ते २२ मिनिटं, गुरूपर्यंत साधारण ३३ ते ५४. पहिल्या भागात माझी मंगळावरची मंत्रीणबाई गॅनिमीडवरच्या डॉक्टरशी फोनवर भांडते, वाक्याला वाक्य. मराठीत एम.ए. आहे मी, पण हे अज्ञान त्या सबबीखाली खपवण्यासारखं नव्हतं. आता त्या दोघी भांडतात ते पत्रांतून भांडल्यासारखं: एकीने लांबलचक सुनवायचं आणि तासभर येरझाऱ्या घालायच्या. भांडण जास्त चांगलं झालंय. शिवाय त्या तासाभरात तिसऱ्या धाग्यातलं माणूस खोलीत येऊ शकतं.

तसंच प्रवासाचं. पृथ्वीवरून मंगळाकडे कमी इंधनात निघायची संधी साधारण २६ महिन्यांनी येते, आणि त्या वाटेने पोचायला आठ-नऊ महिने लागतात. हे वेळापत्रक तुम्ही बनवलेलं नाही, म्हणून वाचक त्यावर रुसत नाही. एखादा धागा काही काळ झोपवायचा असेल तर त्याला यानात बसवा. आणि एखाद्याचं यान चुकवा. विरारची शेवटची लोकल चुकलेला माणूस पहाटे तरी घरी पोचतो, हा दोन वर्षं अडकतो.

मंगळाचा दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळपास ४० मिनिटांनी मोठा आहे. २००४ मध्ये नासाच्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या गाड्या तिथे उतरल्या तेव्हा त्या सांभाळणारी पृथ्वीवरची माणसं सुरुवातीला मंगळाच्या घड्याळाने कामावर यायची. मी यातून एक छोटं उपकथानक काढलं: नवरा मंगळाच्या शिफ्टवर, बायको डोंबिवलीत. त्याच्या सकाळच्या चहाची वेळ तिच्याकडे रोज ४० मिनिटं सरकते, अठरा दिवसांत संध्याकाळवर जाते. यात घटना काहीच नाही, तरी पत्रं सगळ्यात जास्त याच दोघांबद्दल आली.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. चौथ्या भागाच्या शेवटी मला तीन धागे एकदम आणायचे होते: आयोवरचं यंत्रमानवांचं खाणकेंद्र, युरोपावरची प्रयोगशाळा, गॅनिमीडवरची वस्ती. म्हणून मी तिन्ही चंद्र गुरूच्या एकाच बाजूला एका ओळीत उभे केले. भव्य वर्णन, दीड पान. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका निवृत्त वाचकांनी पोस्टकार्ड पाठवलं: असं कधीही होत नाही. आयोची प्रदक्षिणा १.७७ दिवसांची, युरोपाची ३.५५, गॅनिमीडची ७.१५. जवळजवळ दुप्पट-दुप्पट. हे तिघे एकमेकांच्या ओढीने अशा तालात बांधलेले आहेत की युरोपा आणि गॅनिमीड एका बाजूला एका ओळीत आले की आयो नेमका पलीकडच्या बाजूला असतो.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग चार्ट काढला, आणि पाचव्या भागाचं कथानक समोर आलं. दर सात-एक दिवसांनी युरोपा आणि गॅनिमीड जवळ येतात, बोलतात, सौदे करतात. आणि त्याच वेळी आयो गुरूच्या आड असतो, त्याला काही ऐकू जात नाही. प्रत्येक बैठकीतून एकाला आकाशच वगळतं. असा संशयाचा धागा मला बसून सुचला नसता. पोस्टकार्ड मी चार्टाच्या कोपऱ्यात लावून ठेवलंय.

तात्याचंही असंच निस्तरलं. पुस्तक छापून गेलं की मागचं खोडता येत नाही, पण कागदपत्रं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. चौथ्या भागात कळतं की तात्या त्या दिवशी पाचव्या तासाला मागच्या दाराने आत आला होता. नोंदवहीत बाहेर गेल्याची सही आहे, आत आल्याची नाही. म्हणून प्रशासनाच्या लेखी तो अजून बाहेरच. पगार बंद, जेवणाचं कार्ड बंद, आणि तो जिवंत समोर उभा असूनही कारकून सांगतो, "तुम्ही आधी आत या, मग अर्ज करा." तात्या आत आल्याचा दाखला मिळवायला अडीच भाग खपतोय.

दोन भागांत वर्षं जातात तेव्हा वाचकाला मागचं आठवून देणं हीही कसरतच. पात्रांना "तुला आठवतंय ना, गेल्या वर्षी..." असं बोलायला लावू नका, असं कुणी बोलत नाही. वस्तू द्या. तात्याच्या पान्याच्या दांड्याला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, हातमोज्यातून निसटू नये म्हणून. पिवळी पट्टी दिसली की वाचकाला तात्या आठवतो, आणि तात्याबरोबर अँटेनाही.

किती धागे घ्यावेत? पहिल्या भागात तीन. चौथा सुचला तर वहीत ठेवा. आणि त्याआधी सुट्या कथा लिहा; मालिकेने सुरुवात करायचा हट्ट मी केला, त्याचे भोग सांगून झालेत. १९६६ पासून मुंबईत मराठी विज्ञान परिषद आहे, तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला कथा पाठवा. जयंत नारळीकरांनीही १९७४ मध्ये तिथे टोपणनावाने कथा पाठवली होती, नावाचा फायदा नको म्हणून. आपल्याला ती अडचण नाही.

परवा काका आले होते. सहाव्या भागाचा चार्ट त्यांनी नेहमीसारखा चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि एका रेघेवर बोट ठेवलं. "ही कोण?"

"यानाची कप्तान. ती गेली की दुसऱ्या भागात, पट्ट्यापाशी."

"मग रेघ पुढे का चाललीय?"

मी बघितलं. यान बंद पडलं नव्हतं, फक्त चालवणारी मेली होती. काढताना माझा हात सवयीने पुढे गेला असणार. काका थंड चहा पीत राहिले. मी पट्टी लावून ती रेघ पुढे ओढली. ती बरोबर चौदा महिन्यांनी युरोपाला येऊन लागत होती.