ट्रोलला ब्लॉक करण्याआधी: या चुका टाळा

शिव्या वाचल्या की हात आधी ‘डिलीट’कडे जातो आणि मग ‘ब्लॉक’कडे. हीच चूक पुढे सर्वांत महागात पडते. दोन आठवड्यांनी तोच माणूस धमक्यांवर उतरतो, आपण पोलिसांकडे जातो आणि दाखवायला हातात काहीच नसतं. मीही एकदा असाच सगळा पुरावा स्वतःच्या हाताने पुसून बसलो होतो.

आधी स्क्रीनशॉट घ्या, तोही तारीख-वेळ दिसेल असा. पण तेवढ्याने भागत नाही. फेसबुकवरचं नाव आणि फोटो कधीही बदलता येतात, म्हणून प्रोफाइलची आणि त्या पोस्टची लिंकही कॉपी करून ठेवा. हे झालं की खुशाल ब्लॉक करा.

दुसरी चूक म्हणजे ‘बघा, हा काय बरळतोय’ म्हणत त्याची पोस्ट आपणच शेअर करणं. त्याचे वाचक दहा असतात, आपण त्याला आपले पाचशे देतो. आयतंच फावतं त्याचं! रात्री अकरानंतर दिलेली मुद्देसूद उत्तरंही याच खात्यात जमा.

तक्रार लिहिताना अनेक जण अजून ‘६६ अ’ लावा म्हणतात. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. त्या लढ्याची ठिणगी २०१२ मध्ये आपल्या पालघरलाच पडली होती: बंदवर फेसबुक पोस्ट लिहिणारी एक तरुणी आणि ती ‘लाइक’ करणारी दुसरी, दोघींना अटक झाली होती. त्यामुळे आता नुसतं ‘मला वाईट वाटलं’ लिहून गुन्हा उभा राहत नाही. नेमकं काय घडलं ते लिहा. धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला, तर तो कलम ७८ खाली पाठलाग ठरतो.

१९३० हा क्रमांक ऑनलाइन पैसे लुबाडले गेल्यास लावायचा. छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करा.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी गरळ ओकली की लोक थेट अॅडमिनला धरतात. तेही चुकीचंच. सामाईक हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल, तर सदस्याच्या मेसेजसाठी अॅडमिन दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. त्या सदस्याला ग्रुपबाहेर काढायला सांगा, बस्स.

आणि हो, देखभाल खर्चाचा हिशेब तीनदा मागणारे काका ट्रोल नव्हेत.