पॅसिव्ह स्पीकर ॲक्टिव्ह करायला घेण्याआधी

पॅसिव्ह स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज वूफर (खालचे सूर) आणि ट्विटर (वरचे सूर) यांच्यात वाटणारं सर्किट, खोक्याच्या आतच असतं. ॲक्टिव्ह करताना ते काढून हे काम डीएसपीकडे (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा डबा) जातं आणि प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा ॲम्प चॅनल मिळतो. ट्विटरला सिरीजमध्ये लावायचे दोन कपॅसिटर, प्रत्येक ट्विटरला एक, आधी आणून टेबलावर ठेवा, मगच खोक्याचे स्क्रू काढा. डीएसपी, ॲम्प, केबल कुणी विसरत नाही. हा कपॅसिटरच राहतो, कारण नव्या आराखड्यात तो क्रॉसओव्हरचा भाग म्हणून कुठे दिसत नाही. जुन्या पॅसिव्ह क्रॉसओव्हरमध्ये ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असायचाच, त्यामुळे ॲम्प चालू होतानाचा धप्प आवाज किंवा आउटपुटवरचा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) ट्विटरच्या कॉइलपर्यंत पोचत नव्हता. क्रॉसओव्हर काढला की ते संरक्षण गेलं. ६ ओहमच्या ट्विटरला ४७ मायक्रोफॅरड लावला तर कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज कमी होत जातो ती जागा, साधारण ५६५ हर्ट्झला येतो. क्रॉसओव्हर अडीच हजार हर्ट्झवर असेल तर हे दोन ऑक्टेव्हहून (एक ऑक्टेव्ह म्हणजे निम्मी वारंवारता) खाली आहे, म्हणजे आवाजाला फारसा धक्का नाही. ५० हर्ट्झला मात्र तोच सुमारे ६८ ओहमचा अडथळा करतो आणि विजेच्या लाइनचा घुंई आवाज (हम) २१ डेसिबलने खाली जातो. पॉलिप्रोपिलीन फिल्मचा घ्या, १०० व्होल्टचा पुरतो. आकाराने चांगलाच मोठा येतो, तेव्हा खोक्यात जागा कुठे ते आधी बघा.

ड्रायव्हर, म्हणजे वूफर आणि ट्विटर, तपासा. वूफरची फोमची कड बोटाने दाबून तुकडे पडत असतील तर आधी ती बदला, पुढचा सगळा खर्च त्यानंतर. मल्टिमीटरवर ८ ओहमचा ड्रायव्हर साडेपाच ते साडेसहा दाखवतो. डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर कारण शोधा.

आता मोजमाप, आणि तेही काहीही उचकटण्याआधी. याचा कंटाळा करणारे पुढे महिनाभर कानाने अंदाज बांधत बसतात. कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर एवढं पुरे. माइक ट्विटरच्या उंचीला, १ मीटरवर. आधी अख्खा स्पीकर मोजा, मग जुना क्रॉसओव्हर जागेवर असतानाच एकटा वूफर आणि एकटा ट्विटर मोजा. त्यानंतर सर्किट कागदावर उतरवा: प्रत्येक कॉइल, प्रत्येक रेझिस्टर, आणि ट्विटरची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी आहे का. सेकंड ऑर्डर (ऑक्टेव्हला १२ डेसिबल उताराच्या) क्रॉसओव्हरमध्ये ती बरेचदा मुद्दाम उलटी असते. ट्विटरच्या वाटेतले रेझिस्टर तर नक्की लिहा. ते ट्विटरचा आवाज कमी करतात; तेवढी पातळी आता डीएसपीमध्ये खाली आणावी लागते, नाहीतर पहिल्याच गाण्याला कान किटतात. खोक्याच्या रुंदीमुळे खालचा आवाज हलका पडतो, त्याची भरपाईही जुन्या क्रॉसओव्हरमध्येच झालेली असते. २५ सेंटिमीटर रुंदीला ही उतरण साधारण ४६० हर्ट्झच्या आसपास असते. हे आकडे हाताशी नसतील तर आपण काय काढून टाकलं हेच कळणार नाही.

ॲम्प: टू-वे जोडीला ४ चॅनल, थ्री-वेला ६. ट्विटरला २५-३० वॉट भरपूर. बरेच क्लास डी (स्विचिंग पद्धतीचे) ॲम्प ब्रिज्ड असतात, म्हणजे प्लस आणि मायनस दोन्ही टोकांवर सिग्नल असतो; त्यांचं मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे. जुन्या खोक्यात वूफर आणि ट्विटरचं मायनस एकत्र जोडलेलं असतं. ते तसंच ठेवून दोन चॅनल लावलेत तर ॲम्प गेलाच म्हणून समजा. टर्मिनलवर वूफर-ट्विटरचे खिळे जोडणारी बायवायर पट्टी असेल तर काढा, आतल्या चारही वायरी वेगळ्या करा. स्पीकॉन एनएल ४ हा चार वायरींचा लॉक होणारा कनेक्टर लावला तर उत्तम: १ च्या जोडीवर वूफर, २ च्या जोडीवर ट्विटर, अदलाबदलीचा प्रश्नच मिटतो.

ट्विटर आता थेट ॲम्पवर येतो, त्यामुळे हिस (सतत येणारा सूं आवाज) ऐकू येतो. कमी गेनचा ॲम्प निवडा किंवा डीएसपी आणि ॲम्पच्या मध्ये ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) टाका. डीएसपीत डिजिटल पातळी खाली ओढून हिस जात नाही, तो डीएसपीच्या ॲनालॉग आउटपुटमध्ये आणि ॲम्पमध्ये तयार होतो.

आणि कपॅसिटर? लागलाय का? दोन्ही खोक्यांत? डीएसपीत हाय-पास (खालचा आवाज अडवणारा फिल्टर) टाकलाय, मग कशाला, हा युक्तिवाद करू नका. हाय-पास सॉफ्टवेअरमध्ये आहे, धप्प आवाज ॲम्पमधून येतो. प्रीसेट (डीएसपीत साठवलेली सेटिंग) चुकीचा लोड झाला तर हाय-पासही नसतो. वूफरचा सिग्नल चुकून ट्विटरला पूर्ण आवाजात दिलात तर मात्र कपॅसिटरही वाचवणार नाही, म्हणून केबलवर दोन्ही टोकांना नावाच्या पट्ट्या चिकटवा.

पहिल्यांदा चालू करताना ट्विटर जोडूच नका. प्रत्येक चॅनलवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. ट्विटरच्या जागी एखादा टाकाऊ छोटा स्पीकर लावून फक्त वरचाच आवाज येतोय ना ते ऐका. मग कपॅसिटरसकट ट्विटर, आवाज अगदी खाली.

ट्यूनिंगसाठीची मोजमापं कपॅसिटर जागेवर असतानाच घ्या. अडीच हजार हर्ट्झला तो सुमारे १३ अंशांनी फेज (लाटेची वेळ) हलवतो. नंतर लावलात तर जुळवलेलं सगळं सरकतं. डीएसपीत क्रॉसओव्हरचा फिल्टर ऑक्टेव्हला २४ डेसिबल उताराचा, लिंकविट्झ-रायली प्रकारचा ठेवा. मग डिले, म्हणजे माइकला जवळ असलेल्या ड्रायव्हरला उशीर: अंतरातल्या फरकाच्या दर ३४ मिलिमीटरला ०.१ मिलिसेकंद. ट्विटरची पोलॅरिटी उलटी करा, मोजमापाच्या आलेखात क्रॉसओव्हरच्या जागी खोल खड्डा दिसला की जुळलं, परत सुलटी करा. आलेखातले अरुंद खड्डे ईक्यूने (इक्वलायझरने) भरू नका.

बाकी किरकोळ. ॲम्प शेवटी चालू, आधी बंद. प्रीसेट बदलताना ॲम्प बंद. केबलची भोकं सील करा, आतला कापूस परत भरा. जुने क्रॉसओव्हर डावा-उजवा लिहून पिशवीत ठेवा, स्पीकर विकायचे झाले तर गिऱ्हाईक पहिलं तेच मागतं.