हरलेला मासा कुठे जाईल? खाऱ्या पाण्याच्या बायोटोप टँकसाठी जीव निवडताना

लातूरसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात खाऱ्या पाण्याचा टँक लावायला निघालेल्या माणसाने क्षारता, नायट्रोजन चक्र आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) यांविषयी पुरेसे वाचलेले असते, असे मी गृहीत धरतो. मला लिहायचे आहे ते माशांच्या निवडीतील एका चुकीविषयी. पुष्कळ वाचून झाल्यावरही ती माझ्या हातून घडली आणि तिच्यात एक मासा मेला. त्याची आठवण आजही मला अस्वस्थ करते.

माझा टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे १९० लिटरचा आहे. अंदमानच्या प्रवाळभागातील एक लहानसा कोपरा त्यात उभा करावा आणि तिथे न आढळणारा एकही जीव त्यात नसावा, असा माझा आग्रह होता; अशा टँकलाच बायोटोप म्हणतात. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला ऑसेलारिस क्लाऊनफिश अंदमानात आढळतो. अंगाने काळा, कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका असलेला थ्री-स्पॉट डॅमसेलही तिथलाच. हे दोघे एकाच समुद्रफुलाच्या (अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्याच्या) आसऱ्याने राहत असल्याची छायाचित्रे मी पाहिली होती, त्यामुळे ते एकत्र राहू शकतील की नाही, ही शंकाच मला आली नाही. दुकानदारानेही सांगितले, "दादा, आधी तीन डॅमसेल सोडा, त्यांच्यावर टँक सायकल करून घ्या, काही होत नाही."

टँक सायकल करणे म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात वाढवणे. इथे मी दोन चुका एकदम केल्या. माशाला अमोनियात ठेवून टँक तयार करणे हा क्रूर आडमार्ग आहे आणि तो सुचवणाऱ्याचा कोणताही सल्ला मी आता घेत नाही; मासा न सोडता, बाहेरून अमोनिया देऊन, चार ते सहा आठवडे धीर धरला तर तेच काम नीट होते. दुसरी चूक अधिक खोल होती. जो मासा टँकमध्ये पहिला येतो, तो सगळी जागा आपली समजतो, आणि डॅमसेलच्या बाबतीत हे फार तीव्रतेने दिसते. तिघांपैकी सर्वांत मोठ्याने उरलेल्या दोघांना इतके हैराण केले की महिन्याभरात मला ते परत द्यावे लागले. एक राहिला आहे, आता शांत होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि क्लाऊनफिशची जोडी आणली.

पुढचे आठ दिवस मी रोज काचेसमोर बसत असे. डॅमसेल मधल्या दगडाच्या कपारीतून सुटत असे, धाकट्या क्लाऊनच्या कुशीला धडक देत असे आणि लगेच कपारीत परतत असे. धाकटा क्लाऊन हीटर आणि मागची काच यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत उभा राहू लागला. त्याच्या शेपटीची किनार आधी दातेरी दिसू लागली आणि नंतर पांढुरकी झाली. खाणे टाकले की तो फटीतून निम्मा बाहेर येई, काळी सावली हलताच पुन्हा मागे सरके. नवव्या दिवशी सकाळी तो तळाशी पडलेला होता. त्या रात्री सगळे दगड बाहेर काढून मी डॅमसेल पकडला.

नंतर छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या शौकिनांना मी ही हकिकत सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, "हरलेला मासा कुठे जाणार होता?" समुद्रात मार खाल्लेला मासा चार हात दूर जातो आणि भांडण तिथेच संपते, तीन फुटांच्या काचेत त्याला जायला जागाच नसते. शिवाय मी पाहिलेल्या छायाचित्रांतील डॅमसेल ही पिल्ले होती. समुद्रफुलाचा आसरा ती लहानपणी घेतात, वाढल्यावर तो सोडतात, आणि पूर्ण वाढलेला थ्री-स्पॉट १४ सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणून अमुक दोन जीव एकाच समुद्रातले आहेत, हे कळल्यावर थांबू नका. ते किती वाढतात, कोणत्या वयात कुठे राहतात, रात्री कुठे दडतात आणि कोणती जागा स्वतःची मानतात, हे प्रत्येकासाठी लिहून काढा. दोन नावांपुढे एकच जागा आली, तर त्यांतला एकच घ्या.

घाबरून बेत सोडण्याचे मात्र काही कारण नाही. टँकमध्येच जन्मलेली ऑसेलारिसची जोडी समुद्रफुलाशिवायही उत्तम राहते. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशाचा हट्ट धरू नये. क्लाऊन पाण्याच्या मधल्या थरात वावरतो. तळाच्या वाळूसाठी गोबी हा लहान मासा आणि पिस्तूल कोळंबी यांची जोडी निवडावी. अधू दृष्टीची कोळंबी बीळ कोरते, गोबी दाराशी पहारा देतो, आणि बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या शेपटीला टेकलेली असते. त्याने शेपूट थरथरवली की ती क्षणात आत जाते. क्लाऊनफिशला त्या बिळात काही रस नसतो, त्यामुळे भांडणाचे मूळच उरत नाही.

इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा क्लीनर रास हा मासा स्वस्त मिळतो, पण बहुधा उपाशी मरतो, तो घेऊ नका. समुद्री घोडे, समुद्री काकडी आणि आपल्या समुद्रातील कठीण प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोणी हळू आवाजात देऊ केले तरी नकार द्या.

आपल्या भागात आणखी एक हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, वीजही जाते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यामुळे पुस्तकात पाच मासे लिहिले असतील तर आपण तीनच ठेवावेत आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्यावा. वाफ होऊन उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर घालताना गोडे आरओ पाणीच घालावे. २०१६ साली ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे आरओचे वाया जाणारे पाणी धुण्याभांड्यांसाठी साठवणे मी माझे कर्तव्य समजतो.

मासे थंडीत आणावेत, म्हणजे रात्रभराच्या प्रवासात पिशवीतील पाणी तापत नाही. वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवून, अंगावर रोगाचे पांढरे ठिपके आलेले नाहीत याची खात्री झाल्यावर, सर्वांत भित्रा जीव आधी सोडावा. माझ्याकडे गोबी आणि कोळंबी आधी आली, त्यांचे बीळ पक्के व्हायला तीन आठवडे लागले, आणि त्यानंतरच मी क्लाऊनची नवी जोडी पाण्यात सोडली.