चॉकलेट संग्रहालय बघायला जाताना
मुलांना आधी पोटभर जेवू घाला. उपाशी पोर आत शिरलं की त्याला फक्त चाखायचं काउंटर दिसतं. शेंगदाणे, बदाम किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर आधीच विचारून घ्या. कोकोचं फळ ठेवलेलं असेल तिथे मात्र रेंगाळा. ते थेट खोडालाही लागतं, आत पांढऱ्या गरात साधारण 30-40 बिया. भाजलेली बी चाखायला मिळाली तर पोरांची तोंडं बघाच, इतकी कडू! मग चॉकलेटचा तुकडा न चावता जिभेवर धरायला सांगा. कोकोचं लोणी साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणून तो आपोआप विरघळतो. दुकान बहुधा बाहेर पडायच्या वाटेवरच असतं. प्रत्येकी एकच वस्तू, हे आत शिरतानाच ठरवा. ओला रुमाल? दोन घ्या.