बाळंतपणात बाळाला इजा झाली असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी

आधी बाळ. हात लुळा पडला असेल, झटके येत असतील, तर कागदांसाठी थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा, उपचार चालू करा.

मग शाळेची एक वही घ्या. बाळंतीण, तिची आई, सोबत गेलेली आशाताई, प्रत्येकीला वेगळं बसवून विचारा. एकत्र बसलं की एकीचं ऐकून दुसरी तेच सांगते. कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, १०८ला फोन किती वाजता लावला, कळांसाठी सलाईन लावलं का, पोट वरून दाबलं का, डॉक्टर स्वतः कधी आले, बाळ लगेच रडलं का. मोबाईलमधल्या कॉलच्या वेळा उतरवून घ्या. अशा दाव्यात सगळा प्रश्न त्या काही तासांचाच असतो.

आता दवाखान्याचे कागद. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. संपूर्ण केसपेपर, कळांचा आलेख म्हणजे पार्टोग्राफ, बाळाच्या ठोक्यांच्या आणि नर्सच्या नोंदी, संमतीपत्र, काचेच्या पेटीतल्या दिवसांचे कागद, सगळं लेखी मागा आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. २००२च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. माता-बाल संरक्षण कार्ड मूळचं कुणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या.

ऊसतोडीला गेलेल्यांनी हे पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या आत करावं, गावी परतल्यावर कोल्हापूर-सांगलीच्या दवाखान्यातून कागद काढणं फार अवघड जातं. तक्रार मात्र आपल्या जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या माणसाला बीडलाही करता येते. २०१९च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती दाखल होते. मुदत दोन वर्षं. त्यातले दोन हंगाम कसे जातात ते कळतही नाही, म्हणून तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

बिलं, पावत्या, फोनवरून पाठवलेल्या पैशांचे मेसेज जपा. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात असे सरकारी दवाखाने १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. तिथे दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा रस्ता वकिलाला विचारा.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला कागद दाखवून लेखी मत मिळतं का बघा. बाळाला इजा झाली म्हणजे डॉक्टरची चूक झालीच असं नसतं. काही वेळा चांगल्या हातांतही बाळाचा खांदा अडकतो. हे आधीच कळलं तर कोर्टाच्या फेऱ्या वाचतात.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाई आणि बालक यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि जाताना फक्त सासरा-दीर जाऊ नका, बाळाच्या आईला सोबत न्या. टेबलावर काय घडलं ते तिलाच ठाऊक आहे.