नळतरंगाला कानस लावण्याआधी

नळतरंग म्हणजे चौकटीवर मांडलेल्या, काड्यांनी वाजवायच्या धातूच्या नळ्या. तो सुरात आणायचा तर सगळ्यात आधी वही. उजेड, जुनी चादर, मऊ कापड हे तुम्हाला सांगायला नको. पण वही-पेन जवळ घेतल्याशिवाय एकही नळी चौकटीवरून उचलू नका. मागच्या मे महिन्यात घरचा जुना पितळी नळतरंग मी उघडला, तेव्हा बाकी सगळं होतं, वहीच नव्हती.

वहीत प्रत्येक नळीचा क्रमांक, मिलिमीटरपर्यंत लांबी आणि ती आज जो सूर देते तो, हर्ट्झमध्ये. जो हवा तो नव्हे, जो आहे तो. मी मोबाइलवरच्या ट्यूनरचा सा नळतरंगाच्या सा वर लावून घेतला आणि एकेक नळी तपासत सुटलो. गंधार १४ सेंट उतरलेला दिसला (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). कानस घेतली, टोक घासलं, काटा मधोमध आणला. रात्री मामा वाजवायला बसले आणि गंधारावर थांबले. पुन्हा तीच नळी वाजवली. "हा कोणी चढवला?" एवढंच विचारलं.

षड्जाशी ५:४ या नात्यात बसणारा शुद्ध गंधार पेटीच्या आणि ट्यूनरच्या समान अंतराच्या गंधारापेक्षा १४ सेंट खालीच असतो. धैवत ५:३ वर लावला असेल तर १६ सेंट खाली, निषाद १५:८ वर असेल तर १२. नळी अगदी सुरात होती, मी ती बेसूर केली. सगळे आकडे आधी एका पानावर उतरवले असते तर तिन्ही सूर एकाच हिशोबाने खाली आहेत हे तिथल्या तिथे दिसलं असतं. मध्य प्रदेशातल्या मैहर बँड या वाद्यवृंदासाठी सरोदवादक अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्यांचा नळतरंग केला होता. अशा वाद्याला त्याचा स्वतःचा सा असतो. तो आधी लिहून घ्या, मगच बोला.

घासलेलं पितळ परत येत नाही. ३० सेंटिमीटरच्या नळीतून १ मिलिमीटर गेला की सूर साधारण साडेअकरा सेंट चढतो, म्हणजे माझा गंधार जेमतेम सव्वा मिलिमीटरमध्ये गेला. उतरवायचा तर टोकांना आतून मेण लावतात. मीही तेच केलं. सूर आला, पण आस, म्हणजे सुराचं गुंजत राहणं, तोकडी झाली. म्हणून नळी चढी वाटली की आधी मेण लावून पाहा, ते काढता तरी येतं.

आता नागपूरच्या उन्हाचं. बासरी तापली की चढते, धातूची नळी तापली की उतरते. फरक थोडा असतो, पण ट्यूनर तो पकडतो. कानशीने नळी गरम होते, सूर खाली दिसतो, तुम्ही आणखी घासता आणि गार झाल्यावर नळी चढलेली निघते. दोन हात मारले की नळी ठेवून द्या, अर्ध्या तासाने मोजा. मेमध्ये मोजमाप पहाटेच. दुपारी ४५ अंशांत नको, आणि कूलर चालू ठेवून तर नकोच नको. त्याच्या घरघरीत ट्यूनर भलतंच काहीतरी पकडतो, आणि त्याच्या दमट हवेने पितळ काळवंडतं. वहीत आकड्याशेजारी वेळ आणि खोलीचं तापमानही लिहा.

नळी कुठे टेकते तेही पाहा. दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर ती हलत नाही, म्हणजे ३० सेंटिमीटरला सुमारे ६.७. नमदा (दाबलेल्या लोकरीची जाड पट्टी) किंवा दोरी तिथेच हवी. जुना नमदा दबून सरकलेला असला की चांगली नळीही ठक्क वाजते आणि आपण उगाच कानशीकडे बघतो. इतवारी बाजारातून जाड नमदा आणा, सगळीकडे एकाच जाडीचा.

तडा गेलेली नळी झाळून घेतली तर सूर बदलणार, हे धरूनच चाला. झाळण्याआधी आकडा वहीत आहे ना?

पॉलिश शेवटी. चिंच-लिंबू नको, आणि नळीवर ठोकलेले जुने क्रमांक घासून टाकू नका. काड्यांची टोकं बघा, सैल स्क्रू आवळा. सगळं झाल्यावर पुन्हा एकदा सगळ्या नळ्या मोजा, पहिल्या आकड्यांशेजारी नवे लिहा, आणि वही नळतरंगाच्या पेटीतच ठेवा.