चिखलातून वीज: बरण्यांची तुलना खरी ठरायची तर

विज्ञान प्रदर्शनात चिखलाच्या बरणीतून वीज काढणारे प्रकल्प बरेच दिसतात. चिखलातले काही जिवाणू अन्नाचे विघटन करताना इलेक्ट्रॉन चिखलात पुरलेल्या कार्बनच्या अ‍ॅनोडला (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या टोकाला) देतात. ते तारेतून वरच्या कॅथोडकडे (दुसऱ्या टोकाकडे) जातात आणि तिथे हवेतला ऑक्सिजन त्यांना घेतो. मीटरवर आकडा दिसणे सोपे आहे. तो आकडा कशामुळे बदलला हे सांगता येणे अवघड, आणि प्रयोगाचा खरा कस तिथेच लागतो.

आधी एकच प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ, साखरेच्या प्रमाणाने व्होल्टेज किती बदलते? किलोभर चिखलाला 0, 2 आणि 5 ग्रॅम साखर असे तीन गट करा आणि प्रत्येक गटात तीन बरण्या ठेवा. एकाच बरणीवर निष्कर्ष काढू नका. सारख्या भरलेल्या दोन बरण्याही वेगळे आकडे देतात.

तळ्याचा किंवा भातखाचराचा चिखल एकाच जागेवरून, एकाच दिवशी आणा. खडे, मुळे काढून तो एकाच बादलीत कालवा आणि मग प्रत्येक बरणीत 500 ग्रॅम मोजून भरा. ही पायरी कधीही गाळू नका. दोन ठिकाणचा चिखल वापरला तर फरक साखरेचा की मातीचा, हे कधीच कळणार नाही. प्रत्येक बरणीच्या वाट्याची साखर (500 ग्रॅम चिखलाला 1 किंवा 2.5 ग्रॅम) 25 मिली पाण्यात विरघळवून मिसळा. शून्य साखरेच्या गटालाही 25 मिली साधे पाणी घाला, नाहीतर ओलाव्यातही फरक पडेल.

दोन्ही इलेक्ट्रोड (अ‍ॅनोड आणि कॅथोड) कार्बन फेल्टचे, म्हणजे कार्बनच्या तंतूंच्या नमद्यासारख्या कापडाचे, 5 × 5 सेंमी. अ‍ॅनोड तळापासून 2 सेंमीवर पुरा. कॅथोड त्याच्या 5 सेंमी वर असा ठेवा की खालची बाजू ओल्या चिखलाला टेकेल आणि वरची हवेत राहील. अ‍ॅनोडभोवती हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. चिखलात तांबे, लोखंड किंवा जस्त अजिबात नको. धातू गंजतानाही व्होल्टेज देतो, आणि पहिल्याच दिवशी आलेल्या मोठ्या आकड्यामागे बहुधा हेच असते. टायटॅनियमची तार उत्तम. ती नसेल तर स्टेनलेस स्टीलची चालेल, पण सगळ्या बरण्यांत तीच हवी.

प्रत्येक बरणीच्या दोन इलेक्ट्रोडांच्या तारांमध्ये 1000 ओहमचा रोधक (रेझिस्टर) कायम जोडून ठेवा. त्याची खरी किंमत मीटरने मोजून लिहून घ्या, कारण बाजारातल्या रोधकांत पाच टक्के फरक असू शकतो. व्होल्टेज रोधकाच्या दोन टोकांवर, रोज ठरलेल्या वेळी मोजा. रोधक काढून घेतलेला आकडा मोठा दिसतो, पण तेव्हा प्रवाह जवळजवळ वाहतच नसतो. 0.2 व्होल्ट आले तर शक्ती (व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध) 0.2 × 0.2 ÷ 1000, म्हणजे 0.04 मिलिवॅट. अ‍ॅनोडच्या क्षेत्रफळाने भागल्यास दर चौरस मीटरला 16 मिलिवॅट.

तापमान सगळ्यांना सारखे हवे. एक बरणी खिडकीत आणि दुसरी कपाटात, असे चालणार नाही. बरण्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळा. उजेडात शेवाळ वाढते, ते दिवसा ऑक्सिजन सोडते आणि आकडे दिवस-रात्र हेलकावतात. झाकण घट्ट लावू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक बरणीचे वजन नोंदवा आणि रोज तेवढेच वजन होईपर्यंत डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचे पाणी घालत राहिलात तर क्षार साचत जातात. कॅथोड कोरडा पडला की व्होल्टेज कोसळते, आणि मुले दोष जिवाणूंना देतात!

आणखी तीन बरण्या साखर नसलेल्या, पण प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवून गार केलेल्या चिखलाच्या भरा. त्यांतही सुरुवातीपासून तेवढेच व्होल्टेज आले तर वीज जिवाणूंची नाही. तारा आणि जोड तपासा. काही बीजाणू (जिवाणूंची टणक, सुप्त रूपे) उष्णतेतूनही तगतात, त्यामुळे पुढे या बरण्यांतही आकडा हळूहळू चढू शकतो.

किमान दोन आठवडे नोंदी घ्या. अ‍ॅनोडवर जिवाणूंचा थर बसायलाच आठवडाभर किंवा जास्त लागतो. जास्त साखरेचा गट आधी चढून मग घसरला तर पीएच पट्टीने चिखल तपासा. साखर आंबून आम्ल झाले असेल, तर तुम्ही मोजताय तो परिणाम साखरेइतकाच आम्लतेचाही आहे, आणि तसे नोंदवहीत स्पष्ट लिहा.